दोन भावंडं, एकच म्युटेशन: कोपरखैरण्यातलं थॅलेसेमियाचं एक प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वयं, नाती आणि घरचे तपशील बदलले आहेत.)

कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं. वडील वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार, आई घरी शिलाईकाम करते. राहायला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, सोबत वडिलांची आई. नवराबायको आते-मामे भावंडं आहेत. म्हणजे सून ही आजींच्या सख्ख्या भावाची मुलगी. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

धाकटा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा आठ महिन्यांचा होता. अंगावरचं दूध टाकायला लागला होता, तळवे पांढरेफटक, पोट पुढे आलेलं. हिमोग्लोबिन ४.६. एचपीएलसी तपासणीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन गर्भातल्या प्रकारचं, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, ९३ टक्के. बीटा थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी पुरेशी न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं गंभीर रूप. आईवडील दोघंही वाहक निघाले, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढतं.

असं मूल सापडलं की भावंडांचं रक्त तपासायचं, हा नियमच आहे. थोरली नऊ वर्षांची, चौथीत. वडिलांचा विरोध होता. "तिचं कशाला काढताय मॅडम? पोरगी तर चांगली पळती-खेळती." तिचं हिमोग्लोबिन ८.२ आलं, हिमोग्लोबिन एफ ९० टक्के. प्लीहा बरगडीखाली तीन सेंटीमीटर, गालफडं किंचित वर आलेली, उंची वर्गातल्या मुलींपेक्षा कमी. आयुष्यात एकदाही रक्त चढलेलं नाही. जवळच्या एका दवाखान्यात तिला "रक्त कमी आहे" म्हणून चार वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या.

त्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. कारण सांगण्यासारखं आहे. थॅलेसेमियात अस्थिमज्जा रक्तपेशी बनवण्याची धडपड करत राहते आणि त्या धडपडीत एरिथ्रोफेरोन नावाचं संप्रेरक सोडते. ते यकृतातल्या हेप्सिडिनला दाबतं. हेप्सिडिन हा आतड्यातून लोह आत घेण्यावरचा लगाम. तो सुटला की शरीर नको असताना लोह ओढत राहतं, आणि वरून आपण गोळ्या देतो. रक्त न चढवताही थोरलीचं फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचं माप, ४१० होतं.

दोघांचा जनुकीय अहवाल एकच

नमुने गेले, अहवाल आले. दोघंही आयव्हीएस १-५ (जी ते सी) या म्युटेशनसाठी समयुग्मी. आईकडून आलेल्या अकराव्या गुणसूत्रावर तेच आणि वडिलांकडून आलेल्यावरही तेच. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सर्वांत जास्त आढळणारं म्युटेशन हेच. बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इन्ट्रॉनमधलं, म्हणजे प्रथिन न लिहिणाऱ्या मधल्या तुकड्यातलं, पाचवं अक्षर बदलतं. आरएनए कापून जोडताना पेशी चुकीच्या जागी कापते आणि नीट बीटा साखळी फार थोडी तयार होते. एरवी हे गंभीर म्युटेशन समजलं जातं.

नातेवाइकांचं उत्तर तयार होतं. थोरलीला लहानपणी बीट, खजूर, नाचणीचं सत्त्व मिळालं, धाकट्याच्या वेळी आईचं "लक्ष नव्हतं". आईला हे घरातच ऐकावं लागत होतं. आजींचा दावा असा की आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. आजींचंही रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ए२ वाढलेलं, म्हणजे त्याही वाहक. आजी आणि त्यांचा भाऊ यांच्याकडून तोच एक तुकडा दोन वाटांनी नातवंडांपर्यंत आला असणार. त्यानंतर घरातली बोलणी थांबली, असं आईने नंतर सांगितलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी अहवाल तो होता, आणि तो साध्या एचपीएलसीचा होता.

पण आईचा प्रश्न तसाच राहिला. दोष एकच, आईबाप एकच, मग एक रक्तावर आणि एक बिनरक्ताची, हे कसं?

अहवाल वाचताना इथे एक फसगत होते. टक्केवारी पाहिली तर हिमोग्लोबिन एफ धाकट्याचंच जास्त, ९३ विरुद्ध ९०. पण टक्के कशाचे? थोरलीच्या ८.२ चे ९० टक्के म्हणजे सुमारे ७.४ ग्रॅम, धाकट्याच्या ४.६ चे ९३ टक्के म्हणजे सुमारे ४.३. थोरलीची मज्जा गर्भातलं हिमोग्लोबिन जवळपास पावणेदोन पट बनवत होती. फरक तिथे होता.

शोध कुठे घ्यायचा

हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा साखळ्यांच्या जोडीने बनतं. थॅलेसेमियात बीटा कमी पडते एवढ्यावर आजार ठरत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात, त्यांचे गोळे बनतात आणि तांबडी पेशी मज्जेतच मरते. हे मी वडिलांना त्यांच्या कामावरून सांगितलं. ट्रक खाली करताना आतून पोती देणारी टोळी आणि बाहेर उचलणारी टोळी. बाहेरचे कमी आले तर पोती दारातच साचतात. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच पुढे म्हणाले, "म्हणजे बदलीवर माणसं आली तर गाडी खाली होतीच की." बरोबर. बदलीवरचा माणूस म्हणजे गॅमा साखळी. ती अल्फाशी जोडी जमवते, तेच हिमोग्लोबिन एफ. आणि आतूनच पोती कमी आली, म्हणजे अल्फाच कमी बनली, तरी खोळंबा कमी होतो.

तेव्हा शोधायच्या जागा दोन: गॅमा जास्त का, किंवा अल्फा कमी का.

पहिला संशयित नेहमीचा, गॅमा जनुकाच्या अलीकडे १५८ व्या जागी असलेला एक्सएमएनआय नावाचा बदल. तो असला की गॅमा वाढते, आणि भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळा तो तपासतात. पण थोडा विचार केला तर इथे त्याच्याकडून उत्तर मिळणार नव्हतं. गॅमा आणि बीटा जनुकं अकराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, इतकी जवळ की ती सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. दोन्ही मुलांना म्युटेशनसकट तोच तुकडा मिळाला आहे, तर त्यावरचा एक्सएमएनआयसुद्धा सारखाच असणार. तपासलं तर दोघांतही नव्हता. भावंडांमधला फरक इतर गुणसूत्रांवर शोधणं भाग होतं.

दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर बीसीएल११ए हे जनुक आहे. २००७-०८ मध्ये युरोपातल्या आणि सार्डिनियातल्या लोकांच्या जनुकसंचाच्या पाहण्यांमध्ये हा भाग हिमोग्लोबिन एफच्या पातळीशी जोडलेला दिसला. तोवर बीसीएल११ए ओळखलं जायचं ते बी-पेशी आणि रक्ताचा कर्करोग यांच्या संदर्भात. २००८ मध्ये बोस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं की हेच प्रथिन जन्मानंतर गॅमा जनुकाला बंद करतं. २०१३ मध्ये त्याच गटातून पुढचा तुकडा आला. लोकांमध्ये सापडणारा तो बदल जनुकाच्या प्रथिन लिहिणाऱ्या भागात नाहीच. तो आतल्या एका इन्ट्रॉनमधल्या एन्हान्सरमध्ये, म्हणजे जनुकाचं काम वाढवणाऱ्या बटणात आहे, आणि तो एन्हान्सर फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चालतो. तिथे जीएटीए१ आणि टीएएल१ ही नियामक प्रथिनं बसतात. आरएस १४२७४०७ या जागी जी ऐवजी टी असेल तर ती नीट बसत नाहीत, बीसीएल११ए थोडं कमी बनतं आणि गॅमावरचं दडपण सैल पडतं. हे दडपण नेमकं कुठे बसतं ते २०१८ मध्ये कळलं. गॅमा जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडे, ११५ व्या अक्षराच्या आसपास टीजीएसीसीए असा सहा अक्षरांचा क्रम आहे, बीसीएल११ए तिथे चिकटतं. ज्या मोजक्या घराण्यांत मोठेपणीही हिमोग्लोबिन एफ भरपूर राहतं, त्यांच्यापैकी काहींत याच क्रमातलं अक्षर बदललेलं असतं, हे कित्येक दशकं माहीत होतं. कारण तेव्हा लागलं.

मला यातला एन्हान्सरचा भाग सर्वांत शिकवणारा वाटतो. बीसीएल११ए मेंदूच्या वाढीलाही लागतं. प्रथिन लिहिणारा भागच बिघडला तर मुलात बौद्धिक अक्षमता येते, आणि त्या मुलांमध्ये हिमोग्लोबिन एफही वाढलेलं असतं. तेच जनुक, पण बदल एन्हान्सरमध्ये पडला तर मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही, परिणाम फक्त तांबड्या पेशीत. पाहण्यांमध्ये गुंतागुंतीच्या लक्षणांशी जोडलेले बहुतांश बदल प्रथिन न लिहिणाऱ्या भागात सापडतात. ते निरुपयोगी पसाऱ्यात पडलेले नसतात. कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, किती, हे ठरवणाऱ्या जागी ते पडलेले असतात.

सहाव्या गुणसूत्रावर एचबीएस१एल आणि एमवायबी या दोन जनुकांच्या मधला पट्टा आहे. तिथे तीन अक्षरं गाळलेली असली की एमवायबीचा एन्हान्सर कमजोर पडतो. एमवायबी हे केएलएफ१ या आणखी एका नियामक जनुकाला चालना देतं, केएलएफ१ हे बीसीएल११ए ला, आणि बीसीएल११ए गॅमाला दाबतं. म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरची तीन गळलेली अक्षरं दोन मध्यस्थांमार्फत अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकाला मोकळं करतात. शिवाय एमवायबी कमी झालं की पेशी लवकर परिपक्व होते, आणि तशा पेशीत हिमोग्लोबिन एफ जास्त राहतं. एकाच बदलाच्या दोन वाटा.

राहिलं सोळावं गुणसूत्र, अल्फाचं. माणसाला अल्फाची एकूण चार जनुकं असतात. त्यांतलं एक गळणं भारतात दुर्मीळ नाही आणि एरवी त्याचा काही त्रासही नसतो. खरं तर याचा इशारा आम्हाला आधीच मिळाला होता. दोघं पालक एकाच म्युटेशनचे वाहक असून आईच्या तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान ६२ होतं, वडिलांचं ६९. वाहकात अल्फाही थोडी कमी असेल तर पेशी तेवढ्या लहान राहत नाहीत.

निकाल असा आला. थोरली: बीसीएल११ए च्या जागी टी-टी, एमवायबीच्या पट्ट्यात एक प्रत गाळलेली, अल्फाचं एक जनुक कमी. धाकटा: जी-टी, एमवायबीचा पट्टा नेहमीचा, अल्फाची चारही जनुकं शाबूत. पालक दोघंही जी-टी, एमवायबीचा बदल आईकडचा, अल्फाची तूट वडिलांकडची. तिन्ही गोष्टी एका मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता एक चतुर्थांश गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे सोळांत एक.

आईला हे सांगितल्यावर तिने विचारलं, "म्हणजे बीटचा रस?" बीटचा काही संबंध नाही, मी म्हणाले. धाकट्याच्या वेळी तुमचं काही चुकलं नाही.

या तीन बदलांचा आईवडिलांच्या अंगावर काही परिणाम दिसतो का? फारसा नाही. निरोगी माणसात यांनी हिमोग्लोबिन एफ अर्ध्या टक्क्याचं एक-दीड टक्का होईल, त्याला कळणारही नाही. बीटा कोसळलेल्या पेशीत मात्र तोच बदल रक्त चढणं आणि न चढणं यांतला फरक घडवतो. बदलाचा "परिणाम किती" याला एक आकडा नसतो. जाळ्यातला बाकीचा भाग कसा आहे त्यावर तो ठरतो.

हेही खरं की हिमोग्लोबिन एफ हे लक्षण आपल्या नशिबाने सोपं आहे. तीन-चार जागा त्यातला बराचसा फरक समजावतात. उंचीचं पाहा. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात उंचीशी जोडलेले सुमारे १२ हजार बदल निघाले. मधुमेह, रक्तदाब ही लक्षणं उंचीच्या बाजूची. स्टॅनफर्डचे जोनाथन प्रिचर्ड आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये मांडलं की पेशीतली जाळी इतकी गुंतलेली असतात की त्या पेशीत चालू असलेलं जवळपास प्रत्येक जनुक मोजक्या गाभ्याच्या जनुकांना थोडा-थोडा धक्का देऊ शकतं. "तुमचा मधुमेहाचा जनुकीय धोका" असे अहवाल घेऊन लोक येतात तेव्हा मला हे प्रकरण आठवतं. इथे मोजून चार गुणसूत्रं आणि ओळखीची साखळी होती, तरी पुढे काय झालं ते वाचा.

तिसरं मूल

धाकटा दोन वर्षांचा होत असताना आई नऊ आठवड्यांची गरोदर राहून आली. गावाकडून सल्ला मिळाला होता की पुढचं मूल झालं तर त्याची मज्जा धाकट्याला देता येईल. थोरलीची का नाही, हेही विचारून झालं होतं. तिला स्वतःलाच आजार आहे, ती दाता होऊ शकत नाही.

बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते. १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्याप्रमाणे ती नोंदणीकृत केंद्रातच होते, हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तिला मुभा आहे आणि लिंग सांगता येत नाही. हे सगळं नेहमीचं. नेहमीचा नव्हता तो आईचा प्रश्न. "दोन्हीकडून आलं असलं तर ते ताईसारखं होईल की बाळासारखं, तेवढं सांगाल ना? तुम्ही तर आता शोधून काढलंय."

आमच्यात यावर दुमत झालं. बालरक्तरोगतज्ज्ञ डॉक्टरांचं म्हणणं, माहिती मिळवता येते तर तिन्ही जागा गर्भातही तपासू, पालकांचा तो हक्क आहे. मी विरोधात होते, आणि माझी कारणं अशी.

थोरलीचं उत्तर आम्ही तिला पाहिल्यानंतर शोधलं. सौम्य मूल समोर असताना तिच्यात सौम्यतेची कारणं सापडणं आणि न जन्मलेल्या मुलात तीच कारणं पाहून सौम्यता वर्तवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तिच्यात तिन्ही बदल आहेत. त्यांपैकी कोणत्याने किती भार उचलला ते एका मुलीवरून कळत नाही. गर्भात तिघांपैकी एकच निघाला तर काय सांगायचं? आणि तशीच शक्यता जास्त होती. याच कामासाठी एक जनुकीय गुणांक २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे, पण तो प्रामुख्याने इटलीतल्या रुग्णांवर बेतलेला. तिथलं मुख्य म्युटेशन बीटा साखळी अजिबात बनू देत नाही, आपलं आयव्हीएस १-५ थोडी झिरपू देतं. पायाच वेगळा असताना तिथले गुण इथे लावणं मला पटत नव्हतं. शिवाय केएलएफ१ सारख्या जागा आम्ही पूर्ण वाचलेल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड होती. "ताईसारखं" म्हणजे बरं, असं घरात धरून चाललं होतं. थोरली अजून शाळकरी आहे. अशा रुग्णांना तिशीत फुप्फुसांतला रक्तदाब, पायांवरच्या जखमा, हाडं ठिसूळ होणं, रक्ताच्या गुठळ्या हे त्रास होऊ शकतात, आणि काहींना पुढे रक्त सुरू करावं लागतं. ती चित्राची सुरुवात आहे.

शेवटी ठरलं ते असं. गर्भात फक्त बीटाचं म्युटेशन तपासायचं, बाकीच्या जागांबद्दल पालकांना सगळं सांगायचं: त्या तपासता येतात, पण त्यावरून आम्ही खात्रीने काही सांगू शकणार नाही. तरीही हवं असेल तर नमुना राखून ठेवू. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्धवट कळण्यापेक्षा नको."

अहवाल समयुग्मी आला. दोन दिवसांनी दोघं आले, सोबत आजी. गर्भपाताचा निर्णय ते घरी घेऊनच आले होते. राखलेला नमुना तपासायला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरांचं मत अजूनही वेगळं आहे. माहिती देण्याआधीच तिची किंमत आपण ठरवली, असं ते म्हणतात, आणि त्या आक्षेपात वजन आहे. उद्या आयव्हीएस १-५ समयुग्मी भारतीय मुलांचा, जन्मापासून विशीपर्यंत पाहिलेला, पुरेसा मोठा गट समोर आला तर मी लगेच त्यांच्या बाजूला जाईन. तोवर तीन जागांवरून गर्भाचं भविष्य सांगायची माझी तयारी नाही.

सध्या

थोरलीला हायड्रॉक्सीयुरिया हे हिमोग्लोबिन एफ वाढवणारं औषध सुरू केलं. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन ८.२ वरून ९.१ झालं, प्लीहा वाढलेली नाही. फॉलिक ॲसिड चालू आहे, लोह पूर्ण बंद. उंची दर तीन महिन्यांनी नोंदतो. ती मागे पडली तर रक्त सुरू करायचं, हे पालकांना आताच सांगून ठेवलं आहे. यकृतातलं लोह मोजण्यासाठी एमआरआय करायचा आहे.

धाकट्याचं रक्त चालू आहे, दर वेळी आधीचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर ठेवतो. मे महिन्यात आणि दिवाळीत रक्तदात्यांची टंचाई असते, तेव्हा वडिलांच्या टोळीतले लोक येऊन रक्त देतात. फेरिटिन हजाराच्या पुढे गेल्यावर साठलेलं लोह बाहेर काढणारं डेफेरासिरॉक्स सुरू केलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्याखालच्या प्रमाणपत्राचा अर्ज केला आहे. मज्जेच्या दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे शोध चालू आहे.

वडिलांनी मोबाइलवर बातमी दाखवून विचारलं होतं की ते "जनुक कापायचं" औषध बाळाला मिळेल का. ते कॅसगेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बीटा थॅलेसेमियासाठी मंजूर झालेलं. रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळ पेशींत क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने बीसीएल११ए चा तोच तांबड्या पेशींपुरता एन्हान्सर तोडतात. थोरलीच्या अंगात जे निसर्गतः थोडंसं झालंय, तेच फार जोरात. पण ती मंजुरी १२ वर्षांपुढच्यांसाठी होती आणि अमेरिकेतली किंमत तेव्हा २२ लाख डॉलर होती. ती रक्कम रुपयांत सांगितल्यावर ते हसले.

आईची धाकटी बहीण पाटणला असते, तिचं लग्न ठरतंय, स्थळ नात्यातलंच. तिची एचपीएलसी झाली, ती वाहक आहे. मुलाकडच्यांना तपासणीबद्दल कोण सांगणार यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी आजींनी स्वतः फोन केला. मुलाचा नमुना पुढच्या सोमवारी कराडहून येतोय.